मिशी काढलेला राजा

दादा,

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडवाचे बांबू ज्याचे त्याला परत केले. एवढ्या दिवसांत लोकांनी तुझ्याबद्दल जे बोलायचं असतं ते बोलून घेतलं. मोठ्या मनाचा होता, म्हणाले. राजा माणूस होता, असंही दोघातिघांनी म्हटलं आणि म्हणताना माझ्याकडे बघायचं टाळलं. मी मान डोलवली. तुझ्या घरात तीस वर्षं काढून मान डोलवायला मी चांगली शिकले होते. आज समोर कोणी नाही. घरात आपण पोवारी बोलत आलो, पण लिहायला तू मला मराठी शिकवलंस, म्हणून हे मराठीत लिहिते आहे.

तू राजा नव्हतास. गावाच्या मालगुजारीत चार आण्यांचा हिस्सेदार होतास. उरलेले बारा आणे आपल्या चुलत्यांच्या दोन घरांत होते आणि ती माणसं पहाटे उठून धानाच्या बांध्यांवर जायची. तू ऊन अंगणात आल्यावर उठायचास आणि ओसरीतल्या खुर्चीवर बसून त्यांना कुळवाडी म्हणून हिणवायचास. आपले पूर्वज माळव्यातून आले हे खरं. पण गावातल्या सगळ्याच पोवारांचे आले. गाड्यांत बायकापोरं घालून आले, जंगल तोडलं, धान लावलं. एवढं करणाऱ्या माणसांची तुला लाज वाटायची. तुला त्यांच्यात एक मुकुटवाला हवा होता.

ज्या एका गोष्टीसाठी मी तुझी ऋणी आहे ती आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही.

मी एकोणीस वर्षांची होते. रोवणी चालू असताना बांधीत माझ्या नवऱ्याला साप चावला आणि दुपारपर्यंत तो गेला. सासरच्यांनी मला पांढऱ्या पायाची म्हणून गुरांच्या कोठ्यात बसवलं. गाव वैनगंगेच्या पलीकडे, नदीला पूर, डोंगेवाल्यांनी डोंगे काठावर ओढून पालथे घातलेले. तुला निरोप कसा पोचला ते मला आजही माहीत नाही. तिसऱ्या दिवशी तू दोन वाळके भोपळे छातीला बांधून पोहत आलास. अंगणात उभा राहिलास तेव्हा धोतरातून पाणी गळत होतं आणि डाव्या पायाला काही लागून रक्त येत होतं. माझ्या सासऱ्याला तू एवढंच म्हणालास की बहिणीला न्यायला आलो आहे. पाणी उतरेपर्यंत, दोन दिवस, तू माझ्याबरोबर त्या कोठ्यात शेणामुतात बसलास. त्या घरचा घास घेतला नाहीस. मी रडायची तेव्हा गप्प बस म्हणाला नाहीस. नंतर पहिल्या डोंग्यानं मला घेऊन आलास, धानाच्या कोठीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्यास आणि वहिनीला सगळ्यांदेखत सांगितलंस की हिला कोणी उणं बोलायचं नाही. कोणी बोललं नाही.

त्याच वर्षी तू धान साठवायच्या ढोलीच्या सारवलेल्या अंगावर कोळशानं अक्षरं काढून मला लिहायला शिकवलंस. माझं अक्षर तुझ्याहून चांगलं निघालं. त्याचा तुला राग आला नाही, उपयोग सुचला.

दुसऱ्या वर्षी घरात एक पेला आला, साहेबलोक ज्याला मग म्हणतात. तिरोड्याजवळच्या बंगल्यात रेल्वेचा एक गोरा साहेब राहायचा, तो विलायतेला परत निघाला होता. त्याच्या सामानात चिनी मातीचा एक जुना, जाड, एका कानाचा पेला होता. काठाचा टवका उडाला होता, म्हणून साहेबानं तो टाकायला काढला. खानसाम्यानं तो तुला टोपलीभर चिन्नोर तांदळावर दिला. मला हे ठाऊक आहे, कारण तो तांदूळ मीच पाखडून दिला होता. पण घरी येऊन तू सांगितलंस की साहेबानं स्वतःच्या हातानं, टोपी काढून, हा मान तुला दिला.

मगावर एका तरुणाचं चित्र होतं. गोरापान, गुबगुबीत गालांचा, डोक्यावर पांढऱ्या कुरळ्या केसांचा टोप, लाल कोट, छातीवरून तिरपा निळा पट्टा. खाली इंग्रजीत एक ओळ. तुला इंग्रजी येत नव्हतं. मलाही नव्हतं. चार दिवस तू तो मग हातात फिरवत बसलास आणि पाचव्या दिवशी सगळ्यांना बोलावून सांगितलंस की हे आपल्या घराण्याचे मूळ पुरुष, माळव्याचे राजे. इंग्रजांनी त्यांची तसबीर विलायतेला नेली आणि मानानं पेल्यावर छापली.

मी विचारलं, एवढे गोरे काऊन? तू म्हणालास, राजे उन्हात जात नव्हते. वहिनीनं हळूच विचारलं की यांना मिशी कशी नाही. आठवडाभरानं तू गोंदियाहून एक रंगारी आणलास, बैलगाड्यांवर नावं आणि नंबर काढणारा. त्यानं काळ्या तेलरंगानं त्या कोवळ्या ओठावर झुबकेदार मिशी काढली आणि कपाळावर उभं गंध. गंध टिकलं. मिशी मात्र गरम दुधाच्या वाफेनं पोपडे धरून वर्षभरात गळून पडली. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. पाहुणे यायचे असले की मी एरंडेलात काजळ कालवून, कापसाच्या वातीनं राजाला मिशी काढायची. दादा, मी एकवीस वर्षांची होते. गावातल्या माझ्या वयाच्या मुली आपापल्या लेकरांना काजळ घालत होत्या.

मग सुरू झाले तुझे अर्ज. घराण्याला राजा ही पदवी मिळावी म्हणून तू जिल्ह्याच्या साहेबाला अर्ज पाठवायचास. तू सांगायचास, मी लिहायची. मूळ पुरुषांनी किती किल्ले जिंकले, किती हत्ती होते, दर अर्जाला हत्ती वाढायचे. ते अर्ज इंग्रजीत करून घ्यायला तू तिरोड्याला शाळेतल्या मास्तरांकडे नेत होतास. ते आपल्याच जातीचे, तिशीतले, बायको बाळंतपणात गेलेली, मूल नाही. त्यांनी एकदा तुला विचारलं की हे मोत्यासारखं अक्षर कोणाचं. तू अभिमानानं सांगितलंस, माझ्या बहिणीचं. घरी येऊन तू मला हे सांगितलंस तेव्हा मी चुलीत लाकूड सारत होते. त्या दिवसापासून मी अर्ज दोनदा लिहायला लागले, एकदा कच्चा आणि एकदा त्यांना वाचायला.

पौषात, धान घरात आल्यावर, मास्तर आपल्या काकांना घेऊन आले. पाटाची मागणी घालायला आले होते. आपल्या जातीत विधवेचा पाट चालतो, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, पंचांनाही काही म्हणायचं नव्हतं. तू खूश होतास. आधल्या दिवशी मला म्हणालास की मास्तर माणूस बरा आहे, तुला वाचायला पुस्तकं मिळतील. हे तू म्हणाला होतास, दादा. नंतर तीस वर्षं तू ते नाकारलंस.

तू त्यांना दूध त्या मगातून दिलंस. मी दाराआड होते, फटीतून मला मास्तरांचा उजवा हात आणि अर्धा चेहरा दिसत होता. सकाळीच काढलेली मिशी ओली होती. त्यांचा अंगठा तिच्यावर पडला आणि काळा झाला. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि कोणाला दिसणार नाही असा अंगठा धोतराच्या आतल्या बाजूला पुसला. दूध संपवून ते गप्प बसले असते. तूच बसू दिलं नाहीस. मूळ पुरुषांची थोरवी सांगून झाल्यावर तू म्हणालास की खाली इंग्रजीत काय लिहिलं आहे ते मास्तरांनी मोठ्यानं वाचावं, म्हणजे काकांनाही कळेल कोणत्या घरी आपण सोयरीक करतो आहोत.

त्यांनी टाळाटाळ केली. अक्षरं पुसट आहेत म्हणाले. तू हट्ट धरलास. तेव्हा त्यांनी मग खाली ठेवला आणि सांगितलं.

“भाऊसाहेब, हा तिकडच्या मुलखातला एक राजपुत्र हाय. याच्या आज्याचं तख्त गेलं होतं. ते परत घ्याले यानं फौज आणली, हरला, बाईचं लुगडं नेसून पळाला. मंग परक्याच्या देशात जनम काढला. मरेपर्यंत सोताले राजाच म्हणवून घेत होता.”

मास्तरांचे काका हसले. मोठ्यानं नाही, नाकातून. पण ओसरीत तेवढाच आवाज झाला.

तू मगाकडे पाहिलंस. मला वाटलं, आता हसशील. मी दाराआड जीव मुठीत धरून तुझ्या हसण्याची वाट पाहत होते. एकदा हसला असतास तर सगळं निभावलं असतं. काकांना पान दिलं असतंस, मिशीची गोष्ट तूच रंगवून सांगितली असतीस, आणि माझा संसार उभा राहिला असता. तू उठलास आणि म्हणालास,

“मास्तर, आमच्या घरच्या पोरी दुसऱ्यांदा देत नसतात.”

आपली आजी पाटाची होती, दादा. बाबांच्या आईचा पहिला नवरा वारला आणि मग आजोबांनी तिच्याशी पाट लावला, म्हणून बाबा झाले आणि म्हणून तू झालास. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, बाहेर बसलेल्या गड्यालाही माहीत होतं.

त्या संध्याकाळी तू मग माझ्यासमोर ठेवलास आणि मिशी पुसली गेली आहे म्हणालास. मी वात घेतली आणि मिशी काढली. तुझा तिरस्कार करताना माझ्या त्या हाताला मी वगळत नाही.

मास्तरांचाही मला राग यायचा. खोटं वाचता आलं असतं. थोर राजा एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? कित्येक वर्षं मी मनात त्यांच्याशी भांडले. मग कळलं की जो माणूस खोटं वाचून मला घेऊन गेला असता, त्याच्याकडे जायची मला एवढी ओढ वाटली नसती.

आता तुला कधीच न सांगितलेलं सांगते. महिनाभरानं बांगड्या भरायला येणाऱ्या कासारणीनं मला एक चिठ्ठी आणून दिली. मास्तरांची बदली झाली होती. बाजाराच्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते निघणार होते, तिरोडा स्टेशनवर थांबणार होते. चिठ्ठीत आर्जव नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं की याल तर पंचांसमोर रीतसर पाट लावू, न आलात तर मनात काही ठेवणार नाही. तू शिकवलेल्या अक्षरांनी वाचलेली ही माझ्या नावाची पहिली आणि शेवटची चिठ्ठी.

मी गेले. पहाटे लुगड्यांची गाठोडी बांधली आणि तलावाच्या पाळीपर्यंत गेले. पाळीवरून स्टेशनची वाट सरळ दिसते. मी तिथे उभी राहिले आणि मला ते दोन वाळके भोपळे दिसायला लागले, तुझ्या छातीला बांधलेले, दोरीनं काचून कातडी लाल झालेली. कोठ्यात तू माझ्याशेजारी बसला होतास ते दिसलं. मी म्हटलं, ज्यानं एवढं केलं त्याच्या घरातून पळून जायचं कसं. गाडीची शिट्टी ऐकली आणि घरी आले. तू उठायच्या आत दूध तापवून ठेवलं होतं.

तू मला बांधून ठेवलं असतंस तर मी दोर तोडला असता. तू मला वाचवलं होतंस, त्यावर माझ्याकडे इलाज नव्हता.

पुढच्या वर्षांचं काय सांगू. शेती मी पाहिली. रोवणीला बाया मी लावल्या, बांध्यांच्या धुऱ्यांवरून उन्हापावसात मी फिरले, धान गोंदियाच्या गिरणीवर मी पाठवलं. तू दसऱ्याला ओसरीत खुर्ची टाकून, तो मग हातात घेऊन बसायचास आणि कुळांनी येऊन सोनं द्यावं अशी वाट पाहायचास. ती द्यायचीही. तुझ्या हातात आपट्याची पानं देऊन ती वाटेवर आल्यावर काय बोलायची ते मी विहिरीवर ऐकत होते. एकदा जिल्ह्याचा साहेब दौऱ्यावर आला. तू जरीचा फेटा बांधून, सगळे अर्ज रुमालात गुंडाळून, त्याच्या तंबूबाहेर तीन दिवस बसलास. तिसऱ्या दिवशी चपराशी बाहेर आला आणि तुला म्हणाला की तू गावचा मालगुजार ना, मग साहेबासाठी अंडी आणि घोड्यासाठी चारा पाठव. तू पाठवलास. घरी येऊन सांगितलंस की साहेबानं तुझ्या घरचं अन्न मागून घेतलं.

बेचाळीसच्या साली चुलत्यांचा थोरला नातू तिरंगा घेऊन निघाला आणि जेलात गेला, तेव्हा तू म्हणालास की राजे जेलात जात नसतात. त्या मगावरच्या पोरानं निदान फौज आणली होती, दादा. त्याची माणसं त्याच्यासाठी मेली. तो हरला ते लढून हरला. तू कोणत्या लढाईतून पळालास? तुझं कोणतं तख्त कोणी घेतलं होतं? एका शाळामास्तरानं तुझ्या ओसरीत चार वाक्यं खरी बोलली, एवढीच तुझी लढाई.

वहिनी शांतपणे गेली. तिनं तुला कधी काही विचारलं नाही आणि तू तिला कधी काही सांगितलं नाहीस. पुढे तुझा परसराम मोठा झाला, त्याचं लग्न तू थाटात केलंस. फुलन सून म्हणून आली तेव्हा पंधरा वर्षांची, हसरी, कामाला चपळ. तीन वर्षांपूर्वी महामारीत परसराम एका दिवसात गेला. तेव्हा तू ओरडून रडलास. त्या रात्री मी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि माझ्या मनात तुझ्याविषयी काहीही वाईट नव्हतं. तुझा एकुलता एक मुलगा गेला होता. पाठ थोपटत राहिले.

फुलनला मूल नव्हतं. मागच्या वर्षी गोंदियाच्या गिरणीतला मिस्त्री तिला मागायला आला. आपल्याच जातीचा, यंत्राच्या तेलानं नखं काळी झालेला, सरळ बोलणारा. धान घेऊन मी जायची तेव्हा मला ओळखायचा. त्यानं आधी मला विचारलं, मी फुलनला विचारलं, तिनं मान खाली घातली आणि मग वर करून हो म्हणाली. मी तुझ्याकडे आले. तू तेच वाक्य बोललास. एक अक्षर इकडचं तिकडे न करता, तेच. आमच्या घरच्या पोरी दुसऱ्यांदा देत नसतात.

मी पहिल्यांदा तुझ्यासमोर आवाज चढवला. म्हटलं, “आजी पाटाची होती, दादा.”

“ते या घरात बोलाचं नाही,” तू म्हणालास.

“कायले नाही? तिनं काय चोरी केली होती?”

तू खुर्चीवरून उठून आत गेलास. हे भांडण तिथेच राहिलं. मिस्त्रीला मी निरोप पाठवला की थांब.

पौषात तू अंथरूण धरलंस. पाय सुजले, दम लागायला लागला, घशाखाली पेजेशिवाय काही जाईना. पेज तू मगातूनच मागायचास. मिशी काढायला आता तू सांगत नव्हतास आणि मी काढत नव्हते. एका दुपारी पेजेचे दोन घोट घेऊन तू मग छातीवर धरलास आणि म्हणालास,

“जमने, मास्तर खरं बोलला होता.”

मी विचारलं, हे कधी कळलं तुले.

“तवाच. तो बोलला तवाच कळलं.”

दादा, या दिवसापर्यंत मी तुला मूर्ख समजत होते. मूर्ख माणसाला माफ करता येतं. ओठावर काजळ फासलेल्या परक्या पोराला पणजोबा मानणाऱ्या माणसाची कीव करून मी तीस वर्षं रेटली होती. आणि तू सांगत होतास की पहिल्याच दिवशी तुला ठाऊक होतं. ठाऊक असून तू मास्तरांना उठवलंस. ठाऊक असून त्या संध्याकाळी माझ्या हातात वात दिलीस. दसऱ्याला खुर्चीवर बसलास, अर्जांत हत्ती वाढवलेस, सगळं ठाऊक असून. माझं आयुष्य तुझ्या भाबडेपणानं गेलं असतं तर मी पचवलं असतं. ते तुझ्या भित्रेपणानं गेलं. एका पाहुण्याच्या नाकातल्या हसण्याला तू भ्यालास, दादा. पुरात उडी घालणारा तू.

तुझ्या हनुवटीवर सांडलेली पेज पदरानं पुसली. तुला बहुतेक वाटलं की मी माफ केलं. मी माफ केलं नव्हतं, पेज पुसली होती. मग तू माझं मनगट धरून म्हणालास की फुलनला घराबाहेर जाऊ देऊ नको, लोक काय म्हणतील. मी गप्प राहिले. तू त्याला होकार समजलास आणि तुझा हात सैल झाला. आठ दिवसांनी सकाळी तू गेलास. मी खूप रडले. बायांना वाटलं, भावाची किती माया. होतीच. तिनंच तर सगळा घोटाळा केला.

तो मग मी फोडला नाही. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी राखेनं घासून काढला तेव्हा इतक्या वर्षांचं काजळ निघालं, रंगाऱ्याचं गंध निघालं, आणि खालून अगदी कोवळं तोंड वर आलं. आपल्या परसरामच्या वयाचं. त्याचा मला कधीच राग नव्हता. सध्या तो कोंबड्यांना घालायच्या कनकीच्या, तांदळाच्या चुरीच्या, डब्यात असतो. मापाला बरा पडतो.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला बोलावलं. चुलत्यांची दोन्ही घरं बोलावली, पंच बोलावले, ओसरीत सतरंजी टाकली. तुझी खुर्ची मी आधीच माळ्यावर टाकली होती. पंचांनी विचारलं की घरात पुरुष नाही, तर शब्द कोण देणार. मी म्हटलं, मी देते. कोणी हरकत घेतली नाही. एवढं सोपं होतं ते, दादा. मला वाटलं होतं, काहीतरी कोसळेल. चुलत्यांच्या थोरल्या नातवानं, जेलात जाऊन आलेल्यानं, सुपारी फोडली आणि मला विचारलं की आत्या, तुमाले बरं वाटून राहिलं ना. मी सुपारीचं खांड त्याच्या हातातून घेतलं.

काल पाट लागला. आज सकाळी गाडी जुंपली. दारापुढे मोहाची फुलं पडायला लागली आहेत, जुंपताना बैल वाकून ती खात होते. फुलन गाडीत बसली, पेटी आत ठेवली, आणि गाडीवान बैलांना हाकणार तेवढ्यात ती खाली उतरली. धावत ओसरीपर्यंत आली. डोळे भरलेले. तुझ्या रिकाम्या खाटेकडे बघून म्हणाली, “आत्याबाई, मामाजीनं मले पोटच्या पोरीसारखं ठेवलं. तुमी एकट्या. मी कशी जाऊ?”

मला त्या मुलीच्या डोळ्यांत दिसलं, दादा, की अजून थोडा वेळ गेला तर ती राहील. पेटी उतरवेल, चूल पेटवेल आणि राहील, आणि तुझ्याविषयी कधी वाईट बोलणार नाही.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला गाडीकडे वळवलं. जोरानंच वळवलं.

“ठेवलं,” मी म्हटलं. “खरंच ठेवलं. आता तू जा.”

आणि ती पुन्हा काही बोलायच्या आत मीच बैलाच्या पाठीवर थाप मारली.